आमच्या भिंतीवरचा डबा

आमच्या घरात कॉम्प्युटर नव्हता, पण गल्लीतल्या सगळ्या कॉम्प्युटरांचा डबा आमच्या घरात होता. आज माझ्या हाताखाली काम करणाऱ्या पोरांना हे सांगितलं की ती हसतात. त्यांना वाटतं साहेब गंमत करतात. त्यांच्या लेखी नेटवर्कचा स्विच म्हणजे काचेच्या दाराच्या कपाटात, एसीच्या गारव्यात बसवलेलं यंत्र. आमचा स्विच पत्र्याच्या डब्यात होता. तो डबा बुद्धाच्या तसबिरीपासून हातभर अंतरावर खिळ्यांनी ठोकलेला होता आणि त्याच्या वर माय उदबत्तीचा पुडा ठेवायची. त्या डब्याबद्दल लिहायचं मी पुष्कळ वर्षं टाळलं. तोंडानं सांगून पाहिलं, ते फुकट गेलं. ते कसं गेलं हे शेवटी येईलच.

गोंदियाहून नागऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका राइस मिलच्या मागे आमची वस्ती. एका अंगाला आमची बौद्धांची घरं, दुसऱ्या अंगाला पटले, बिसेन अशी पवार जातीच्या शेतकऱ्यांची आणि दोनचार दुकानदारांची, मधून मुरमाची गल्ली. आमचं घर नेमकं कोपऱ्यावर, दोन्ही अंगांना लागून. बाबा मिलमध्ये हमाली करत. दिवसभर मिलचा घरघराट चाले आणि तो थांबला की कान दुखायचे. बाबा घरी येत तेव्हा त्यांच्या भुवयांवर कोंड्याची पिवळी पूड असे आणि माय त्यांना अंगणातच पाणी देई, "आधी धुवा, मंग आत या," म्हणून. आत दोन खोल्या, त्यात मायबाबा, मी आणि धाकटा भाऊ. पुढच्या खोलीत खाट, बाबांची सायकल आणि मायची लोखंडी पेटी, लग्नात माहेरून आलेली, हिरव्या रंगाची, पितळी कुलूप लावलेली. पेटीत काय होतं म्हणाल तर दोन लुगडी, आजीच्या पायातली कडी आणि माझ्या शाळेचे दाखले. पण कुलूप असायचंच. रात्री भाताबरोबर बहुतेक वेळा लाखोरीची डाळ असायची, वांगं असलं तर वांगं. रविवारी लाखोरीच्या डाळीचे वडे. ते तळण्याचा वास मिलच्या कोंड्याच्या वासात मिसळून जो काही वास तयार व्हायचा, तो मला नंतर कुठेच मिळाला नाही.

डबा आणला तो गुड्डूभैय्यानं. हा आमच्या भागाचा केबलवाला. बजाजच्या स्कूटरवर वायरीची वेटोळी खांद्यात अडकवून फिरणारा, कायम तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा. टीव्हीच्या केबलवरूनच आता इंटरनेट येणार असं त्यानं गल्लीत सांगितलं आणि पलीकडच्या सहासात घरांनी कनेक्शन घेतलं. त्यासाठी एका घरात मोडेम आणि स्विच ठेवायचा होता. खांबावरची काळी जाड वायर त्या घरात येणार, मोडेममधून स्विचमध्ये जाणार आणि तिथून निळ्या वायरी छपरांवरून, कडुलिंबाच्या फांद्यांतून घरोघरी. ज्याच्या घरी डबा, त्याची लाईट जळायची, त्या बदल्यात कनेक्शन फुकट. आमचं घर कोपऱ्यावर होतं आणि मिलच्या लायनीवर असल्यानं आमची लाईट कमी जायची. म्हणून डबा आमच्याकडे. फुकटच्या कनेक्शनचं आम्ही काय करणार, हा प्रश्न कुणीच विचारला नाही. स्विचला आठ तोंडं होती. एक तोंड मोडेमकडे, बाकीची गल्लीला.

डबा ठोकून झाल्यावर गुड्डूभैय्यानं मायला स्टूल आणायला सांगितलं, तिला त्यावर चढवलं आणि डब्याचं झाकण उघडून दाखवलं. "भाभी, एक ही बात याद रखना. बादल गरजा, तो पहले ये प्लग निकालना, फिर ये काली वायर. दोनों. नहीं तो एक घर नहीं, पूरी लाइन जलेगी."

"आन् लोकं बोंबलले तं?" मायनं विचारलं.

"बोंबलने दो. जलने से तो अच्छा है न?"

गुड्डूभैय्याचा धंदा असाच चाले. ज्या घरी डबा, त्या घरच्या बाईकडे ढगांचं काम. बाप्ये कामावर जात, पोरं शाळेत, घरात कोण असणार? शहरभर त्याच्या अशा बाया होत्या आणि ढग आले की त्या त्या गल्लीचं इंटरनेट एकेक करून बंद व्हायचं.

मायनं हे काम ज्या निष्ठेनं घेतलं त्याचं मला तेव्हा हसू यायचं, आज येत नाही. ती चौथी शिकलेली. मोडेम म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हतं, पण कोणता हिरवा दिवा कुणाच्या घरचा हे तिनं आठवडाभरात ओळखलं होतं. "पटलेचा दिवा सकारपासून लुकलुक करून राहिला, पोट्टा शाळेत नाई गेला वाटते," असं ती चूल पेटवता पेटवता सांगायची. दुपारी नागऱ्याच्या बाजूला आभाळ काळवंडलं की हातातलं टाकून अंगणात यायची, नाक वर करून उभी राहायची आणि पहिल्या गडगडाटाला स्टुलावर. मग आभाळ निवळेपर्यंत डब्याखाली बसून तांदूळ निवडायची.

या डब्यानं आमच्या घरी आणखी एक गोष्ट आणली, तिच्याबद्दल माय कधी बोलली नाही, पण तिला ती फार मोठी होती. पलीकडच्या अंगाच्या बाया आमच्या दारात येऊ लागल्या. आधी नेट बंद पडलं की नुसत्या हाका मारायच्या, "मेश्रामबाई, दिवा पाहा जरा!" मग ओट्यावर येऊन उभ्या राहू लागल्या. मग बसू लागल्या. समोरच्या पटलेकाकू, नितेशची आई, रोज बसायच्या. माय दर वेळी चहा विचारायची आणि काकू दर वेळी म्हणायच्या, "आत्ताच पिऊन आली वं." असं पावसाळाभर चाललं. एक दिवस काकू आल्या, बसल्या आणि मायनं न विचारताच कप पुढे केला. काकूंनी घेतला. प्यायल्या. "साखर जास्त हाय," म्हणाल्या. त्या संध्याकाळी माय बाबांना तीनदा म्हणाली की साखर जरा जास्तच पडली होती. बाबांना काहीच कळलं नाही. मला कळलं होतं. मी बारावी झालेला, कॉलेजात जाणारा पोरगा होतो, मला सगळं कळत होतं, आणि तरीही मी पुढचं केलं.

मला मायची लाज वाटायची. दुसरा शब्द शोधत बसलो तर ते खोटं होईल. नितेश पटलेकडे नवा कॉम्प्युटर आला होता, त्याच्या वडलांनी धान विकून घेतलेला. मी त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसायचो. गल्लीतल्या पोरांना एक गोष्ट सापडली होती: इंटरनेट मंद असलं तरी आमच्या घरच्या स्विचमधून एका घरचा कॉम्प्युटर दुसऱ्या घरच्याशी थेट बोलतो. त्यामुळे आपापल्या घरी बसून सगळ्यांना एकच बंदुकीचा खेळ खेळता यायचा. रविवारी दुपारी सामने व्हायचे. एकाला मारलं की पलीकडच्या घरातून खरीखुरी शिवी ऐकू यायची. आणि ऐन रंगात आभाळ गुरगुरायचं आणि सगळे पडदे एकदम थिजायचे. मग गल्लीभर एकच हाक, "हवामान खातं!"

हे मायला पाडलेलं नाव. "दीपू, काय म्हणते तुह्यं हवामान खातं? उद्या क्रिकेट खेळाव का नाई?" "अबे, ह्याच्या मायला टीव्हीवर बातम्यांनंतर बसवा." मी हसायचो. त्यांच्यापेक्षा मोठ्यानं हसायचो. एकदा मीही म्हणालो, "काय करू यार, अडाणी बाई हाय." नितेश त्यावर हसला नाही, हे मला अजून आठवतं.

आश्विन महिना होता. धान ओंबीवर आलेलं आणि परतीचे ढग रोज दुपारी यायचे. रविवारी मोठा सामना ठरला होता आणि मी पहिल्यांदा नितेशच्या कॉम्प्युटरवर त्याच्या जागी बसणार होतो. सकाळी माय नळावर गेली तेव्हा मी तिच्या पेटीचं पितळी कुलूप काढलं. किल्ली तसबिरीमागे असायची. ते डब्याच्या कडीला लावलं आणि किल्ली खिशात टाकली. प्लग आणि काळी वायर, दोन्ही आतच होती. माय आल्यावर तिला सांगितलं, "गुड्डूभैय्या भेटले होते. नवीन मशीन बसवलं त्यांनी खांबावर. आता वायर काढाची गरज नाई. डबा बंद ठेवा म्हणाले."

"तेच म्हणाले?"

"हो वं माय. तू कायले चिंता करतं?"

तिनं डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बरं झालं बाप्पा," म्हणाली. "नाई तं मी मेली असती तेव्हा बी स्टुलावरच मेली असती." आणि वड्यांची डाळ वाटायला बसली.

दुपारी नितेशच्या खिडकीतून नागऱ्याकडचं आभाळ दिसत होतं. पहिला गडगडाट झाला. पडदा चालू राहिला. पोरांनी घराघरांतून आरोळी दिली, "हवामान खातं सुटीवर गेलं रे!" मी इतका खूष होतो की दुसऱ्या गडगडाटाला मीच खिडकीकडे बघून हात हलवला. मग एक पांढरा उजेड झाला आणि आवाज त्याच्याबरोबरच आला, मध्ये अंतरच नव्हतं. वीज मिलच्या भिंतीजवळच्या खांबावर पडली होती. कॉम्प्युटरच्या पेटीतून फट्ट असा आवाज निघाला, पडदा काळा झाला आणि मागून धूर यायला लागला. जळक्या प्लास्टिकचा तो वास मी आजही एखादं यंत्र उघडताना अचानक ओळखतो. नितेश "आई!" म्हणून ओरडला. मी ओरडलो नाही. मी धावलो. त्या क्षणी मला ना नितेश आठवला ना माय, फक्त कुलूप आठवलं.

घरात माय डब्यासमोर उभी होती. डब्याच्या फटीतून काळा डाग भिंतीवर चढला होता. आणि डब्याखाली स्टूल ठेवलेलं होतं. म्हणजे ती चढली होती. मी सांगितलेलं सगळं ऐकूनही गडगडाट झाल्यावर तिला राहवलं नव्हतं, ती चढली होती आणि तिच्या हाताला तिचंच कुलूप लागलं होतं. त्याच स्टुलावर चढून मी कुलूप काढलं आणि खिशात घातलं. ती बघत होती.

भिजत भिजत गल्ली आमच्या ओट्यावर जमली. पटलेकाकांचा कॉम्प्युटर पार गेला होता, आणखी तीनचार घरचे बंद पडले होते. थोड्या वेळानं गुड्डूभैय्या आला, त्यानं झाकण उघडलं, आतला वितळलेला स्विच पाहिला आणि मायकडे वळला.

"भाभी, वायर क्यों नहीं निकाली? मैंने एक ही बात बोली थी न?"

तेव्हा तिला कळलं की गुड्डूभैय्या मला भेटलाच नव्हता. मी तिचा चेहरा पाहत होतो, म्हणून मला ती वेळ नेमकी माहीत आहे. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पदर सारखा केला आणि म्हणाली, "ध्यानात नाई राहिलं भाऊ. डोळा लागला होता माह्या."

"डोळा लागला!" पटलेकाका म्हणाले. "आमचा धानाचा पैसा गेला आन् हिचा डोळा लागला!"

कुणीतरी मागून म्हणालं, "यायच्या घरी ठेवाचाच नव्हता डबा. आधीच म्हटलं होतं." यायच्या म्हणजे यांच्या, आणि यांच्या म्हणजे कुणाच्या, हे सांगायची गरज नव्हती. काकू तिथेच होत्या. त्या ओट्यावरून खाली उतरल्या. आणि स्टूल तिथेच, सगळ्यांच्या समोर, डब्याखाली उभं होतं. झोपलेल्या बाईनं स्टूल कशाला लावलं, हे कुणालाही सुचलं नाही. एक वाक्य बोलायचं होतं मला. खिशातलं कुलूप मुठीत इतकं आवळलं होतं की तळहातावर त्याची कडी उमटली होती. मी बोललो नाही. बाबा मिलमधून आले, त्यांना ओट्यावरच सगळं सांगण्यात आलं आणि जेवताना ते मायला म्हणाले, "एक काम होतं तुह्याकडं. एक." वडे तसेच पडले होते. माय म्हणाली, "दीपू, खाऊन घे, थंडे होते."

डबा पलीकडे, बिसेनांच्या घरी गेला. भिंतीवर चार खिळ्यांची भोकं आणि काळा डाग राहिला, त्यावर मायनं कॅलेंडर टांगलं. काकूंचं येणं थांबलं. भांडण नाही, काही नाही, नुसतं थांबलं. कप धुऊन फळीवर पालथा होता तो तसाच राहिला. त्यानंतरच्या ढगांच्या दिवसांत मी एक गोष्ट पाहिली आणि ती मी कधी विसरणार नाही. गडगडाट झाला की माय हातातलं टाकून उठायची, कॅलेंडरपर्यंत जायची आणि तिथे उभी राहून परत यायची. कुलूप मी पांगोली नदीच्या पुलावरून पाण्यात फेकलं होतं.

पुढे मी हेच शिकलो. नागपूरला एका कंपनीत लागलो, आज माझं पोट याच यंत्रांवर आहे. पोरांना मी अर्थिंग शिकवतो, विजेपासून लाइन वाचवणारी खोकी बसवायला शिकवतो, आणि त्यांना वाटतं की साहेब या एका बाबतीत जरा जास्तच कडक आहेत. लोक मला मेहनती म्हणतात. मायनं लोकांची बोलणी खाल्ली आणि मी त्यावर शिकलो, नोकरी मिळवली, घर बांधलं. यात मेहनत किती आणि काय किती, ते मला मोजता येत नाही.

बाबा गेले. माय अजून तिथेच राहते, माझ्या धाकट्या भावाकडे. काळ सरला तसा काकूंचा राग गेला आणि त्या पुन्हा येऊ लागल्या, चहाही पिऊ लागल्या. पण त्या दुपारची गोष्ट त्यांनी सोडली नाही, तिचा विनोद झाला. माय खुर्चीत जरा डुलकली की, "झोपू नको वं बाई, कोनाचा तरी कॉम्पुटर जळंल!" माय हसते. इतकी वर्षं हसते.

या वेळी बुद्धपौर्णिमेला गेलो होतो. संध्याकाळी खिरीला गल्लीतली बरीच माणसं आली होती. काकूंनी वाटी हातात घेतली आणि तोच विनोद केला, माझ्या बायकोला सुरुवातीपासून सांगायला लागल्या. मी म्हणालो, "काकू, माय झोपली नव्हती. डब्याला मी कुलूप लावलं होतं. खेळ बंद पडू नये म्हणून. गुड्डूभैय्याचं नाव घेऊन मी तिच्याशी खोटं बोललो. ती स्टुलावर चढली होती, पण कुलूप होतं."

मला वाटलं, झालं. मग काकूंनी डोळ्याला पदर लावला आणि माझ्या बायकोला म्हणाल्या, "पाहा वं पोरी, असा पोरगा पाहिजे. मायचं दूषन आपल्या डोक्शावर घेऊन राहिला. नाई तं आमचा नितेश, महिना महिना फोन नाई करत."

"काकू, मी खरं सांगून राहिलो."

"हो रे बाबू, हो. खीर खा." आणि त्यांनी मायच्या पाठीवर हात ठेवला. "नशीबवान हायेस वं मेश्रामीण." बाकीचेही माना डोलवायला लागले. कुणी म्हणालं, शिकलेला असून मायची किती कदर. मी वाटी धरून उभा होतो. असं कौतुक मी आयुष्यात खाल्लं नव्हतं. माय खाली बघत होती.

लोक पांगत होते तेव्हा नागऱ्याच्या बाजूनं गडगडलं. वैशाखातलं वळवाचं आभाळ. मायचे गुडघे गेलेत, तिला आता पटकन उठता येत नाही. स्वयंपाकघरातून तिनं हाक मारली, "दीपू, वायर काढ."

आता घरात काचेच्या तारेची लाइन आहे, मीच टाकून दिलेली. काचेतून वीज येत नाही, हे मी तिला पूर्वी दहा वेळा समजावलं होतं. या वेळी काही न बोलता गेलो, राउटरचा प्लग काढला, काळी वायर नव्हती म्हणून पिवळी काढली. दिवे विझले. पुढच्या खोलीतून पुतण्या ओरडला, "आजी! नेट गेलं!"

मी स्वयंपाकघरात येऊन तिच्याजवळ खाली बसलो. तिच्या बाजूला ती हिरवी पेटी होती, रंग गेलेली. कडीत सुतळीची गाठ. ही सुतळी मी इतकी वर्षं दर वेळी पाहत आलो आणि दर वेळी दुसरीकडे पाहत आलो. माय खिरीची भांडी एकात एक घालत होती.

"कायले सांगत बसलास तिले," ती म्हणाली. "तिले थोडी पटते आता."

बाहेर पुन्हा गडगडलं. तिनं शेवटची वाटी ठेवली, पदराला हात पुसले आणि सुतळीची सुटत आलेली गाठ ओढून घट्ट केली.

"आता येशील तवा एक कुलूप आनजो पेटीले," ती म्हणाली. "पितळीच आन. पहिलं होतं तसं."